घरांतील बंदूक आणि घरांतील मुलें

शाळेच्या वार्षिकांत बंदुकीवर लेख कशाला, असा प्रश्न मथळा वाचतांच कित्येक पालकांच्या मनांत उभा राहील. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं बंदूक नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या थोड्या घरांत ती आहे, त्या घरांत ती बहुधा कोठें असते, हेंही आम्हांस ठाऊक आहे. कोंकणांतील खेड्यांत पिकाच्या राखणीसाठीं परवान्यानें मिळालेली ठासणीची बंदूक पडवीच्या कोपऱ्यांत किंवा माजघरांतील खुंटीवर असते. शहरांत एखाद्या व्यापाऱ्याच्या अगर निवृत्त सैनिकाच्या घरीं पिस्तूल असतें, तें कपाटांत कपड्यांखालीं किंवा उशाजवळच्या खणांत. कोठें आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक असते, ती माळ्यावर गुंडाळून ठेवलेली; आणि ती आतां उडत नाहीं अशी घरांत सर्वांची समजूत असते. या सर्व ठिकाणीं मुलाचा हात पोंचतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो हात होय.

आरंभ आमच्याच एका गोष्टीनें करितों. आमचें आजोळ दक्षिण कोंकणांत. दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें जात असूं. त्या दिवसांत गरवें भात शेतांत पिवळें होऊन उभें असे, आणि रानडुकरें एका रात्रींत अर्धा कुणगा लोळवून जात. मामा रात्रभर शेतांतल्या माळ्यावर जागत आणि पहाटे बंदूक खांद्यावर टाकून घरीं येत.

ठासणीची बंदूक ज्यांनीं पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील सर्व प्रकार तिच्या घडणींतूनच उद्भवला. या बंदुकीस तयार काडतूस नसतें. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावे लागतात, आणि घोड्याखालीं एक लहानशी तांब्याची केप बसवावी लागते. घोडा केपेवर आपटला म्हणजे ठिणगी आंत जाते. एकदां भरलेली ही बंदूक रिकामी करणें मोठें किचकट काम असतें. ती उडविणें हाच रिकामी करण्याचा सोपा मार्ग. आणि दारूगोळा फुकट घालविणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. म्हणून रात्रीं डुकरें आलीं नाहींत तर बंदूक भरलेली तशीच घरीं येते, तशीच कोपऱ्यांत उभी राहते, आणि दुसऱ्या रात्रीं तशीच पुन्हां शेतावर जाते. केप तेवढी काढून ठेवावयाची असते. भरलेली कोणती व रिकामी कोणती, यांत बाहेरून पाहणाऱ्यास यत्किंचित् फरक दिसत नाहीं.

मामांचा नेम असा कीं, उंबरठा ओलांडतांच केप काढून तंबाखूच्या डबींत टाकावयाची. त्या पहाटे गोठ्यांत म्हैस व्यायला आली होती. मामांनीं बंदूक भाताच्या कणगीस टेकविली आणि ते तसेच गोठ्यांत धांवले. केप काढावयाची राहिली.

आम्हांस त्या वेळीं अकरावें वर्ष लागलें होतें, मामेभाऊ दहाचा. बंदुकीस हात लावूं नये ही ताकीद आम्हां दोघांस तोंडपाठ होती. किती पाठ म्हणाल, तर त्यानें बंदूक उचलली तेव्हां "हात लावायचा नाहीं हं, मामा रागावतील," असें आम्हींच बजावलें, आणि बजावतां बजावतां नळी किती गार लागते हें पाहण्यासाठीं आमचाही हात पुढें झाला. तो शिपाई झाला, आम्ही दरोडेखोर झालों. घोडा कसा ओढावयाचा हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. बापास तसें करतांना त्यानें शंभर वेळां पाहिलें होतें, तेवढें पुरलें. त्यानें नेम धरला तो आमच्या छातीवर. इतक्यांत आजीनें स्वयंपाकघरांतून "पोरांनो, पेज निवत्येय," अशी हांक मारली. त्यानें तिकडे मान वळविली, त्याबरोबर नळी वर गेली, आणि चापावरचें बोट मात्र आंवळलें गेलें.

आवाज आम्हांस आठवत नाहीं. आठवतो तो धूर, जळक्या दारूचा वास, आणि डोक्यावर पडणारा कौलांचा चुरा. छर्रे तुळईंत रुतले. आमचे कान दोन दिवस घुमत होते. मामांनीं मुलास मारलें नाहीं. ते ओटीवर बसून राहिले, आणि त्या दिवशीं ते जेवले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सुतार बोलावला, फणसाच्या लांकडाची लांब पेटी करविली, ती भिंतींत पक्की बसविली, आणि तिच्या कुलपाची किल्ली आपल्या करगोट्यास बांधली. आजी म्हणाली, "अरे, पोरांना नीट समजावून सांगितलंस म्हणजे झालं. एवढी पेटी कशाला?" मामा म्हणाले, "समजावून सांगितलेलंच होतं ना."

हें उत्तर पुढें पुष्कळ वर्षांनीं आम्हांस पुन्हां आठवलें. अमेरिकेंत अटलांटा शहरीं कांहीं डॉक्टरांनीं एक प्रयोग केला आणि त्याचा वृत्तांत २००१ सालीं बालवैद्यकाच्या एका मान्यवर मासिकांत प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांचे ६४ मुलगे त्यांनीं घेतले, त्यांचे दोघांतिघांचे २९ गट पाडले, आणि एकेका गटास एका खोलींत थोडा वेळ खेळत बसविलें. त्या खोलींतील खणांत दोन पाण्याचीं पिस्तुलें आणि एक खरें पिस्तूल ठेवलेलें होतें. खऱ्या पिस्तुलांतून गोळी सुटणार नाहीं, पण कोणीं चाप ओढल्यास तें कळेल, अशी तजवीज होती. एकतर्फी कांचेआडून डॉक्टर पाहत होते. २९ पैकीं २१ गटांस खरें पिस्तूल सांपडलें. त्यांतील १६ गटांनीं तें हाताळलें, आणि १० गटांत कोणीं ना कोणीं चाप ओढला. ज्या मुलांसमोर तें आलें त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस तें खेळणें वाटलें, अथवा खरें कीं खेळणें हें ठरवितां आलें नाहीं. आणि ज्यांनीं तें हाताळलें किंवा त्याचा चाप ओढला, त्यांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मुलांस बंदुकीविषयीं सावधगिरीची शिकवण पूर्वीं मिळालेली होती.

हा शेवटचा आंकडा शिक्षकाच्या धंद्यास मानवणारा नाहीं. सांगितलें म्हणजे शिकलें, आणि शिकलें म्हणजे वागणुकींत आलें, असें मानून आम्ही शाळा चालवीत असतों. परंतु अकराव्या वर्षीं आम्ही स्वतःच जें केलें तें आठवलें म्हणजे त्या मुलांस नांवें ठेवण्यास जीभ उचलत नाहीं. मुलाचें कुतूहल हा कांहीं दुर्गुण नव्हे. घड्याळ उघडून पाहणारा आणि बेडकाचा डोळा निरखणारा मुलगा आम्हांस वर्गांत हवाच असतो. तोच मुलगा पडवींत गेला कीं त्याचें कुतूहल दारांतच वहाणांसारखें काढून ठेवील, अशी अपेक्षा करणें वेडेपणाचें आहे.

मग शिकवण व्यर्थ काय? तसेंही नाहीं. अमेरिकेंतील राष्ट्रीय रायफल संघानें १९८८ सालीं लहान मुलांसाठीं एक सोपा पाठ तयार केला. त्याचा आशय इतकाच कीं, बंदूक दिसली तर थांबावें, हात लावूं नये, तेथून निघून जावें, आणि मोठ्या माणसास सांगावें. पाठ उत्तम आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनींही तो अवश्य लक्षांत ठेवावा. परंतु पुढें संशोधकांनीं तपासून पाहिलें तेव्हां असें दिसलें कीं, लहान मुलें हे शब्द अचूक म्हणून दाखवितात, पण प्रत्यक्ष बंदूक समोर आली म्हणजे पुष्कळदां त्याप्रमाणें वागत नाहींत. अलीकडे २०२३ सालीं ओहायो राज्यांत आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांत एका पोलीस अधिकाऱ्याचा मिनिटभराचा बोलपट कांहीं मुलांस दाखविला. आठवड्यानंतर निकामी केलेलीं खरीं पिस्तुलें त्यांच्यासमोर आलीं, तेव्हां बोलपट पाहिलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ३४ मुलांनीं जाऊन मोठ्या माणसास सांगितलें; न पाहिलेल्यांपैकीं फक्त शेंकडा ११ मुलांनीं. एका मिनिटाच्या शिकवणीचें हें फळ लहान नव्हे. तरीही पालकांनीं उरलेल्या ६६ मुलांचा विचार करावा. त्यांनींही तोच बोलपट पाहिला होता.

"आमच्या मुलास बंदूक कोठें आहे हेंच माहीत नाहीं," असें सांगणारे पालक आम्हांस नेहमीं भेटतात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांतील ग्रामीण भागांत हाच प्रश्न आईबापांस निराळा आणि त्यांच्या मुलांस निराळा विचारला गेला. त्याचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांस जागा माहीत नाहीं असें ज्या पालकांनीं खात्रीनें सांगितलें, त्यांपैकीं शेंकडा ३९ जणांचें म्हणणें त्यांच्याच मुलांनीं खोटें ठरविलें. आमच्या मुलानें कधीं बंदूक हातांत धरलेली नाहीं असें सांगणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणांची गतही तीच झाली. ज्यांनीं लाडवांचा डबा मुलांपासून लपवून पाहिला आहे, त्यांस या आंकड्यांचें फारसें नवल वाटूं नये.

दुसरी एक समजूत अशी कीं, तान्ह्या पोरास चाप ओढवणारच नाहीं. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत मुलांच्या बोटांचें बळ मोजलें. दोन बोटांनीं दहा पौंडांचा जोर लावूं शकणारीं मुलें तीन-चार वर्षांच्या वयांत शेंकडा २५, पांच-सहा वर्षांच्या वयांत शेंकडा ७०, आणि सात-आठ वर्षांच्या वयांत शेंकडा ९० भरलीं. पुष्कळशा पिस्तुलांचा चाप ओढण्यास याहून कमी बळ पुरतें. लहान मूल पिस्तूल आपणांसारखें धरीत नाहीं; तें उलटें धरतें, दोन्ही अंगठे चापावर ठेवतें, आणि तें धरलें म्हणजे नळीचें तोंड त्याच्याच मुखाकडे असतें. याहून अधिक आम्ही लिहीत नाहीं.

अमेरिकेचीं उदाहरणें आम्ही पुनःपुन्हां देत आहों, याचें कारण उघड आहे. त्या देशांत बंदुका घरोघरीं आहेत. म्हणून त्यांचे परिणामही तेथें मोजले गेले आहेत. २०२० सालीं तेथें एक ते एकोणीस या वयांतील मुलांच्या मृत्यूंचें पहिल्या क्रमांकाचें कारण बंदूक हें ठरलें, आणि त्या एका वर्षांत चार हजारांहून अधिक मुलें तिनें नेलीं. मोटारींचे अपघात तोंपर्यंत अनेक दशकें पहिल्या जागीं होते. ते मागें पडले. २०१५ सालच्या एका पाहणीप्रमाणें त्या देशांत सुमारें ४६ लक्ष मुलें अशा घरांत राहत होतीं कीं, जेथें निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती. आपल्याकडे परवाना मिळणें कठीण आहे आणि बंदुका थोड्या आहेत, ही समाधानाची गोष्ट खरी; पण ज्याच्या पडवींत ती आहे त्यास शेजाऱ्याकडे ती नाहीं यांत कसलें समाधान?

आतां करावें काय? २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, ज्या घरांत मुलांस अपाय घडला अशीं घरें आणि ज्यांत घडला नाहीं अशीं घरें यांची तुलना केली. चार गोष्टी उपकारक आढळल्या: बंदूक कुलपांत असणें, ती रिकामी असणें, काडतुसें कुलपांत असणें, आणि तीं बंदुकीपासून निराळ्या ठिकाणीं असणें. यांतील प्रत्येक गोष्टीनें अपाय कमी होतो असें दिसलें. म्हणजे एकाच वेळीं चारही साधलीं नाहींत म्हणून कोणीं निराश होऊं नये. आज एक कुलूप आणलें तरी आजच कांहीं साधतें. जपानांत बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कपाटांत कुलुपबंद ठेवावीं लागतात, आणि पोलीस दरवर्षीं त्याची तपासणी करितात. ब्रिटनमध्येंही सुरक्षित कपाट आहे कीं नाहीं हें पोलीस पाहतात. आपल्याकडे पोलीस घरीं येऊन पाहोत वा न पाहोत, लोखंडी कपाट गोदरेजचेंच पाहिजे असें नाहीं. गांवच्या लोहारानें केलेली, भिंतीस बोल्टानें जखडलेली पेटी पुरते. मामांची पेटी तर लांकडीच होती.

कुलपापेक्षांही रिकामेपणाची गोष्ट अधिक अवघड आहे, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबूं. बंदुकीच्या अपघातानंतर एक वाक्य बहुधा प्रत्येक ठिकाणीं ऐकूं येतें: "आम्हांला वाटलं, ती रिकामी आहे." पिस्तुलाच्या बाबतींत ही फसगत विशेष होते. काडतुसांचें मॅगझिन खालून काढून घेतलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें असें वाटतें. परंतु एक काडतूस आधींच वर नळींत चढलेलें असूं शकतें, आणि पुष्कळ पिस्तुलांतून तें मॅगझिन नसतांनाही उडतें. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वर सांगितलीच आहे. तिच्यांत भार आहे कीं नाहीं हें जाणता माणूस गज नळींत सोडून पाहतो, तो पुरता तळास गेला नाहीं तर आंत कांहीं आहे असें समजतो. दुनळी बंदूक मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहावयाच्या असतात. हीं सर्व कामें परवानाधारकाचीं आहेत, विद्यार्थ्यांचीं नव्हेत. विद्यार्थ्यानें एवढेंच धरून चालावें कीं, रिकामी बंदूक म्हणून जगांत कांहीं नसतें.

हें आमचें भित्रेपण आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं नेमबाजीच्या मैदानावर जाऊन यावें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस या खेळाची गोडी लागली आहे, आणि लागावी अशीच परंपरा कोल्हापुरानें निर्माण केली आहे. तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें. आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलचें कांस्यपदक आणलें. अशा मैदानावर, हातांत रायफल घेऊन ज्यांचीं वर्षें गेलीं आहेत अशा खेळाडूंवरही "रिकामी आहे" या शब्दावर विश्वास टाकीत नाहींत. गोळी झाडावयाची नसेल तेव्हां रायफलीचा खटका उघडा ठेवावा लागतो, नळींत भडक रंगाची एक खूण घालून ठेवावी लागते; ती बाहेरून दिसली म्हणजेच बंदूक रिकामी मानावयाची. कोणी लक्ष्याच्या बाजूस गेला असेल तोंपर्यंत शस्त्रास कोणीं स्पर्शही करावयाचा नसतो. ऑलिंपिक वीराच्या बोलण्यावर जेथें भरंवसा ठेवीत नाहींत, तेथें आपण पहाटेच्या झोपेंत असलेल्या स्मरणशक्तीवर तो ठेवतों. छऱ्याच्या हवाई बंदुकीविषयींही येथेंच सांगून टाकतों. कमी शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं, म्हणून ती वाढदिवसाची भेट म्हणून मुलांच्या हातीं येते. पण तिचा छर्रा डोळा फोडण्यास पुरेसा असतो. तीही कुलपांतच ठेवावी आणि वडीलधाऱ्यांच्या देखत बाहेर काढावी.

येथवर लिहिलेलें मुख्यतः लहानांविषयीं झालें. चौदापासून अठरापर्यंतच्या मुलामुलींची गोष्ट वेगळी आहे, आणि ती लिहितांना आमची लेखणी अडखळते. या वयांत खरें कीं खेळणें हा घोटाळा नसतो. किल्ली कोणत्या डब्यांत आहे, कपाटाचा क्रमांक बाबांच्या जन्मसालाचा आहे कीं लग्नाच्या सालाचा, हें त्यांस पालकांइतकेंच माहीत असतें. आणि याच वयांत मनावर एकाएकीं असें मळभ येतें कीं, परीक्षेचा निकाल, मित्रांनीं केलेली मानहानि किंवा घरांतलें भांडण यापलीकडे जगांत कांहीं उरलेलेंच नाहीं असें वाटूं लागतें. हें मळभ ओसरतें. वैद्यकाचा अनुभव असा आहे कीं, अशा घडींतून ज्यांचा जीव वांचला त्यांपैकीं दहांतले नऊजण पुढें त्या मार्गानें जात नाहींत. ते जगतात, संसार करितात, म्हातारे होतात. परंतु बंदूक मागें फिरण्यास अवसर देत नाहीं. म्हणून त्या घडीस ती हाताशीं नसणें यांतच सारें येतें. इस्रायलच्या सैन्यांत १८ ते २१ वर्षांचे सैनिक आठवड्याच्या सुटीस घरीं जातांना आपली बंदूक बरोबर नेत असत. २००६ सालीं ती छावणींतच ठेवून जावी असा नियम झाला. त्या तरुणांच्या आत्महत्या सुमारें शेंकडा ४० नीं कमी झाल्या, आणि हा उतार मुख्यतः सुटीच्या दिवसांतला होता. त्यांचें दुःख नियमानें नाहींसें झालें असें कोणीही म्हणणार नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, दुःखाच्या वेळीं बंदूक दूर होती.

सबब पालकांनीं किल्ली डब्यांत, देव्हाऱ्यामागें किंवा गादीखालीं ठेवूं नये. ती अंगावर असावी. आणि मुलगा खिन्न दिसूं लागला, जेवणावरून उठूं लागला, अबोल झाला, तर बंदूक कांहीं काळ घराबाहेरच पाठवावी. कायद्याप्रमाणें ती पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करितां येते. निवडणूक आली म्हणजे पुष्कळ शेतकऱ्यांस बंदुका ठाण्यांत नेऊन द्याव्या लागतात, आणि ऐन पिकाच्या वेळीं त्या अडकल्या म्हणून ते कुरकुरतात. त्यांची तक्रार रास्त आहे. पण जी वस्तु मतदानासाठीं महिनाभर घराबाहेर राहूं शकते, ती मुलासाठींही राहूं शकेल. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, मित्र किंवा मैत्रीण जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा बोलली, तर तें गुपित म्हणून पोटांत ठेवूं नये. त्याच दिवशीं शिक्षकांस किंवा आईवडिलांस सांगावें. स्वतःच्याच मनावर असें ओझें असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि रात्रंदिवस चालू असतो, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

कायद्याचेंही थोडें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे मामांसारख्यांची अडचण कायद्यानें ओळखलेली आहे. परंतु परवाना ज्याच्या नांवें आहे त्याचाच तो असतो, घराण्याचा नव्हे. आणि सामान्यतः एकवीस वर्षें पुरीं झाल्यावांचून तो मिळत नाहीं. वरातींत किंवा बारशास हवेंत गोळ्या झाडणारांसाठीं २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अमेरिकेंत फ्लोरिडा राज्यानें १९८९ सालीं, मुलाच्या हातीं बंदूक लागूं दिल्याबद्दल मोठ्या माणसास जबाबदार धरणारा कायदा पहिल्यानें केला, आणि मागून अनेक राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. मिशिगन राज्यांत ऑक्सफर्ड येथील शाळेंत २०२१ सालीं पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें चार सहाध्यायांचे प्राण घेतले. पिस्तूल त्याच्या बापानें चारच दिवसांपूर्वीं विकत आणलेलें होतें. २०२४ सालीं न्यायालयानें त्याच्या आईस व बापास, दोघांसही, दहा ते पंधरा वर्षांची कैद सुनावली.

"रात्रीं डुकरें आलीं तर कुलूप कोण उघडत बसणार?" असें आम्हांस एका गृहस्थांनीं विचारलें होतें. डुकरें शेतांत येतात, माजघरांत येत नाहींत. संध्याकाळीं राखणीस निघतांना पेटी उघडावी, बंदूक बरोबर न्यावी, पहाटे परत आल्यावर म्हैस व्यालेली असो वा घरास आग लागलेली असो, आधीं ती पेटींत जावी. कुलूप दिवसासाठीं आहे.

एक गोष्ट राहिली, ती दुसऱ्याच्या घराची. आपल्या घरीं बंदूक नाहीं म्हणून आपण निश्चिंत असतों, आणि सुटींत मुलास मित्राकडे चार दिवस धाडतों. तेथें काय आहे हें विचारण्याची आपणांस लाज वाटते. मुलास शेंगदाणे चालत नाहींत हें आपण न लाजतां सांगतों; बंदुकीचें मात्र विचारलें तर समोरचा अपमान मानील असें वाटतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारण्याची संवय आईबापांस कित्येक वर्षें लावीत आहेत. आम्ही स्वतः तो प्रथम विचारला तेव्हां आमचा घसा कोरडा पडला होता. आमचा धाकटा मुलगा वर्गमित्राच्या गांवीं जावयाचा होता, आणि त्या घरीं राखणीची बंदूक असल्याचें आमच्या कानीं होतें. आम्ही मित्राच्या वडिलांस गांठलें, हवापाण्याच्या चार गोष्टी काढल्या, आणि शेवटीं विचारलें, "आपल्याकडे बंदूक असते म्हणतात, ती कुलपांत असते ना?" ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं कमरेची किल्ली काढून दाखविली आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंत. आतां मी एक विचारूं काय? आमचा बाळ मागच्या महिन्यांत तुमच्याकडे आला होता. तुमच्या परसांतल्या विहिरीस कठडा आहे ना?"

आमच्या विहिरीस कठडा नव्हता. पुढच्या रविवारीं गवंडी बोलावला.